औद्योगिक सामाजिक दायित्व : मुकुटबन परिसर

उद्योगसंस्थेने नफ्याचा काही अंश ज्या समाजाच्या भूमीवर व श्रमावर ती उभी राहते त्याच्या हितार्थ खर्च करावा, या तत्त्वाचा अभ्यास करणारे संशोधनक्षेत्र. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ अन्वये ५०० कोटी रुपये निव्वळ मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के या कार्यी खर्च करावे लागतात. कायद्याची ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली.

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन हे या अभ्यासाचे बोलके उदाहरण होय. कापूस पिकविणाऱ्या रयतेच्या व कोलाम, गोंड आदिवासींच्या या मुलखात चुनखडीचे साठे असल्याने बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीने येथे वार्षिक ३९ लक्ष टन क्षमतेचा सिमेंट कारखाना उभारला व २०२२ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले.

अशा ठिकाणी संशोधकापुढे तीन प्रश्न मुख्यत्वे उभे राहतात : जमीन सोडणाऱ्या कुटुंबास चिरस्थायी उपजीविका लाभते काय, वाहतूक, दुरुस्ती, खाणावळ अशा व्यवसायांतून स्थानिक उद्यमशीलता रुजते काय, आणि २०१५ च्या खनिज कायदा दुरुस्तीने निर्माण झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी व कंपनीचा खर्च परस्परपूरक ठरतात काय. खर्चाचा आकडा दफ्तरी नोंदविणे सोपे असते. परंतु दायित्वाची खरी कसोटी गावकऱ्याच्या जीवनातील पालटावरच लागते, आणि तो पालट मोजणे हेच या संशोधनाचे सार होय.