चौकस बायका: रहस्यकथेतला एक इतिहास

आज कर्ज, हप्ता, व्याज यातलं काही नाही. आज आपण रहस्यकथांविषयी बोलणार आहोत. चोरी होते, खून होतो, कोणी केला ते कळत नाही, आणि मग एक हुशार माणूस येऊन उलगडा करतो, त्या गोष्टी.

हुशार माणूस म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड आपल्या आजोबांच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात वाचून काढले. १९८५ साली दूरदर्शनवर गाजर खाणारा करमचंद आला. त्याची मदतनीस किटी. तिने तोंड उघडलं की तो तिला गप्प करायचा आणि घराघरांत हशा पिकायचा. १९९३ साली व्योमकेश बक्षी आला. परदेशातला शेरलॉक होम्स तर १८८७ पासून लोकांना माहीत आहे. मग या गोष्टींत बाईने फक्त मरायचं, रडायचं, नाहीतर चहा आणून द्यायचा, एवढंच का?

तसं नाही. बाई तिथे फार आधीपासून आहे. होम्सच्याही तेवीस वर्षं आधी, १८६४ साली, लंडनमध्ये अँड्र्यू फॉरेस्टर या नावाने 'द फीमेल डिटेक्टिव्ह' हे पुस्तक निघालं. फीमेल डिटेक्टिव्ह म्हणजे स्त्री गुप्तहेर. त्यातल्या ग्लॅडनबाई गुन्ह्यांचा तपास करतात. त्यांचं म्हणणं साधं आहे. ज्या घरात, ज्या खोलीत परक्या पुरुषाला कोणी येऊ देणार नाही, तिथे बाई सहज जाऊन बसते आणि बोलता बोलता सगळं बघून येते. गंमत अशी की त्या काळी इंग्लंडच्या पोलिसांत बाई शिपाईसुद्धा नव्हती. अटक करण्याचा पूर्ण अधिकार मिळालेली पहिली बाई, एडिथ स्मिथ, ग्रँथम या गावात नेमली गेली ती १९१५ साली. म्हणजे गोष्टीतली बाई खऱ्या बाईच्या पन्नास वर्षं पुढे चालत होती.

मग अमेरिकेत अ‍ॅना कॅथरिन ग्रीन या लेखिका पुढे आल्या. वडील वकील, त्यामुळे कायद्याची बोलणी घरात कानावर पडलेली. १८७८ साली त्यांची पहिली रहस्यकादंबरी आली आणि खूप खपली. १८९७ साली त्यांनी अमेलिया बटरवर्थ नावाची अविवाहित, वयाने मोठी बाई उभी केली. मध्यरात्री शेजारच्या बंद घरापाशी गाडी थांबते. एक पुरुष आणि एक बाई आत जातात, पुरुष एकटाच बाहेर येतो. हे अमेलियाबाई खिडकीतून बघतात. सकाळी त्या घरात एका बाईचं प्रेत सापडतं. पोलिसांना वाटतं, ही म्हातारी नाक खुपसते आहे. पण तिच्या नजरेशिवाय त्यांचं पान हलत नाही.

आता या सगळ्यांत आमची लाडकी कोण, ते सांगतो. तिचं नाव मिस जेन मार्पल. तिला जन्म दिला इंग्लंडच्या अगाथा ख्रिस्ती यांनी. अगाथाबाईंचा जन्म १८९० चा. लहानपणी त्यांचं बरंचसं शिक्षण घरीच झालं. पहिल्या महायुद्धात त्यांनी आपल्या गावच्या इस्पितळात आधी जखमींची शुश्रूषा केली, मग औषधं तयार करून देण्याच्या विभागात काम केलं. कोणतं औषध किती घेतलं की विष होतं, हे ज्ञान तिथलं. तेच पुढे त्यांच्या गोष्टींत उतरलं.

मिस मार्पल पहिल्यांदा छापून आली १९२७ च्या डिसेंबरमध्ये, एका मासिकातल्या लघुकथेत. सेंट मेरी मीड हे तिचं छोटं गाव. लग्न झालेलं नाही, हातात सतत विणकाम. त्या गोष्टीत तिच्या घरी सहा जणांची बैठक भरते. भाचा लेखक आहे, शिवाय एक चित्रकार मुलगी, एक पाद्री, एक वकील आणि लंडन पोलिसांचे निवृत्त बडे साहेब. ठरतं असं की दर मंगळवारी एकेकाने खरी घडलेली कोड्यासारखी घटना सांगायची. इतरांनी ती सोडवायची. मोजणी करताना मिस मार्पल मोजायचीच राहते. कोपऱ्यात विणत बसलेल्या बाईला कोण मोजतं?

पहिली घटना साहेब सांगतात. नवरा, बायको आणि बायकोच्या सोबतीला ठेवलेली बाई असे तिघे रात्री जेवतात. डब्यातली शेवंड, पाव-चीज आणि शेवटी ट्रायफल, म्हणजे केक, जॅम आणि कस्टर्डचे थर लावलेला गोड पदार्थ. तिघांनाही त्रास होतो, बायको मरते. लोक शेवंडीला दोष देतात. पुढे कळतं की पोटात सोमल, म्हणजे आर्सेनिक होतं. नवऱ्याने लिहिलेल्या पत्राचा ठसा टीपकागदावर सापडतो. त्यात बायकोच्या मरणाचा उल्लेख, आणि 'हंड्रेड्स अँड थाउजंड्स' हे शब्द. म्हणजे शेकडो आणि हजारो. सगळ्यांना वाटतं, हे पैशांविषयी आहे.

मिस मार्पल म्हणते, छे, ते पैसे नव्हेत. इंग्लंडच्या स्वयंपाकघरात 'हंड्रेड्स अँड थाउजंड्स' म्हणतात ते ट्रायफलवर भुरभुरायच्या रंगीत साखरेच्या बारीक दाण्यांना. नवऱ्याने मोलकरणीला फूस लावून त्या दाण्यांत सोमल मिसळायला लावलं. सोबतीची बाई वजन कमी करायला निघालेली, तिने ट्रायफल खाल्लंच नाही. नवऱ्याने आपल्या वाटचे दाणे खरवडून काढले. सापडला गुन्हेगार! वकील, पाद्री, पोलीस साहेब सगळे हरले आणि कोडं सुटलं चुलीपुढच्या ज्ञानाने. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो, तीच ही.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. मिस मार्पल सुखवस्तू घरातली आहे. या गोष्टींतल्या मोलकरणी बहुतेक वेळा भोळ्या दाखवल्यात आणि त्यांच्या वाट्याला दुःखच जास्त येतं. वाचताना तेही लक्षात ठेवावं.

मंगळवारच्या आणि इतर अशा मिळून तेरा गोष्टींचं पुस्तक १९३२ साली आलं. त्यातली शेवटची गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. गावातली एक गरोदर मुलगी नदीत बुडून मरते. सगळं गाव एका बाहेरच्या तरुणाकडे बोट दाखवतं. त्यानेच तिला फसवलेलं असतं, त्यामुळे शंकाच नको. मिस मार्पलला दुसऱ्याच कोणाचा संशय आहे. ती ओट्यावर बसून ते नाव गावभर करत नाही. ती पोलीस साहेबांना गाठते, एका चिठ्ठीवर नाव लिहून देते आणि म्हणते, माझ्याकडे पुरावा नाही, तुम्ही तपास करा, निरपराध माणूस फासावर जायला नको. नाव कोणाचं, ते आम्ही सांगणार नाही. गोष्ट वाचा.

मैत्रिणींनो, या इतिहासातून आम्हाला हेच घ्यायचं आहे. बायकांचं बघणं आणि बोलणं याला जग कुचाळकी म्हणतं. पण हप्ता भरला तरी पासबुकात नोंद नाही, हे कोणाच्या लक्षात येतं? रेशनचं माप कमी भरलं, अंगणवाडीच्या खिचडीत डाळ दिसेना, शेजारची सून चार दिवस ओट्यावर आली नाही, हे पहिल्यांदा कोणाला दिसतं? आपल्यालाच. ते नुसतं कुजबुजत राहिलं तर त्याची कुचाळकी होते, आणि एखाद्या निरपराधाचं आयुष्यही त्यात जातं. तेच तारीख घालून वहीत लिहिलं, दोघी-तिघींनी पडताळलं आणि योग्य जागी नेलं तर त्याचा पुरावा होतो. आणि त्या सुनेच्या बाबतीत तर थांबू नका. आधी तिला भेटा. गरज पडली तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

आपल्या देशातही अशा बायका गोष्टींत आहेत. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी १९३२ पासून बंगालीत व्योमकेशच्या गोष्टी लिहिल्या. तो स्वतःला गुप्तहेर म्हणवत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो, म्हणजे सत्य शोधणारा. त्याची बायको सत्यवती त्याला पहिल्यांदा भेटते ती खुनाच्या संशयात सापडलेल्या भावाला वाचवा म्हणून. आणि बंगालीतच प्रभावती देवी सरस्वती यांनी कृष्णा नावाची तरुण मुलगीच गुप्तहेर केली.

सुरुवात कुठून करावी? अगाथाबाईंच्या आणि व्योमकेशच्या गोष्टी मराठीत आल्या आहेत. तालुक्याच्या ग्रंथालयात विचारा. लघुकथा आधी घ्या, अर्ध्या-पाऊण तासात संपते. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावी, उलगड्याच्या आधी पुस्तक मिटावं आणि प्रत्येकीला विचारावं, कोणी केलं आणि कशावरून? नुसतं नाव चालणार नाही, कारण सांगायचं. जी कधी बोलत नाही, तिला सगळ्यांत आधी विचारा.