मुलूझचे मोटार-संग्रहालय : कामगारांनी उघडलेले दार

१/ फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील मुलूझ शहरात एका जुन्या गिरणीच्या इमारतीत जगातील अत्यंत मोठ्या मोटार-संग्रहालयांपैकी एक उभे आहे. मात्र त्याचे दार लोकांसाठी प्रथम उघडले ते मालकांनी नव्हे, तर रोजगार गमावलेल्या कामगारांनी.

२/ हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ हे बंधू लोकर उद्योगातील बडे गिरणीमालक. फ्रिट्झला बुगाटी गाड्यांचे विलक्षण वेड होते. साठच्या दशकात त्याने अमेरिकन संग्राहक जॉन शेक्सपिअर याच्या सुमारे ३० बुगाटी एकगठ्ठा विकत घेतल्या.

३/ बुगाटीच का? हा कारखाना आल्सासमधल्याच मोल्सहाइमचा. १९२४ मध्ये लिऑंच्या शर्यतीत अवतरलेली ‘टाइप ३५’ वजनाने हलकी होती आणि तिची चाके ओतीव ॲल्युमिनियमची होती. सिसिलीतील खडतर ‘तार्गा फ्लोरिओ’ शर्यत बुगाटीने १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे जिंकली.

४/ गिरणीच्या बंद दारांआड कारागीर या गाड्यांची डागडुजी करीत होते. पॅरिसच्या अलेक्झांडर तिसरा पुलावरील दिव्यांच्या धर्तीवर शेकडो दीपस्तंभ उभारले गेले. संग्रह ४०० गाड्यांच्या पुढे गेला, तरी सर्वसामान्यांना तिथे प्रवेश नव्हता.

५/ सत्तरच्या दशकात वस्त्रोद्योगावर मंदीचे सावट आले. १९७६ मध्ये गिरण्या कोलमडल्या, कामगार संतप्त झाले आणि श्लुम्फ बंधूंनी स्वित्झर्लंडमधील बाझल गाठले.

६/ मार्च १९७७ मध्ये कामगार आत शिरले. समोर शंभराहून अधिक बुगाटी! मोजक्याच बांधल्या गेलेल्या अवाढव्य ‘रॉयाल’पैकी दोन तिथेच होत्या. गिरण्यांत पैसा नसल्याचे ऐकत आलेल्यांना त्या दृश्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

७/ कामगारांनी सुमारे दोन वर्षे संग्रहालय ताब्यात ठेवले आणि ते लोकांना पाहू दिले. संग्रह फोडून विकला असता, तर देणी चुकती झाली असती. पण गाड्या जगभर विखुरल्या असत्या. १९७८ मध्ये फ्रेंच शासनाने त्याला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला आणि तो धोका टळला.

८/ १९८२ मध्ये हे राष्ट्रीय संग्रहालय म्हणून रीतसर खुले झाले. नावात आजही ‘श्लुम्फ संग्रह’ आहे. तिथे जाणाऱ्याने गाड्यांबरोबर गिरणीचे छतही पाहावे. या गाड्यांची किंमत ज्यांच्या श्रमातून आली, त्यांची नावे कोणत्याही बॉनेटवर कोरलेली नाहीत.