काळ्या कोटाची कुळकथा

वकिलांचा काळा कोट म्हणजे इंग्रज राणीचे सुतक, ही कथा आपल्याकडे इतकी रुजली आहे की कोटाविरुद्धचा प्रत्येक वाद तिथूनच सुरू होतो. १६९४ च्या अखेरीस राणी दुसरी मेरी वारली, तिच्यासाठी इंग्लंडातल्या वकीलवर्गाने काळे झगे चढवले आणि ते उतरवायचे राहूनच गेले, असे सांगतात. दुसऱ्या पाठात हेच सुतक १६८५ साली वारलेल्या राजा दुसऱ्या चार्ल्सचे असते. एका झग्याला दोन मृत्यू सांगितले जातात, एवढ्यावरूनच ही कथा जपून घ्यायला हवी. शिवाय बाकीच्या वेषाचा सुतकाशी काही संबंध नाही. गळ्यातले पांढरे बँड हा सतराव्या शतकातल्या चारचौघांच्या कॉलरचा अवशेष आहे, आणि डोक्यावरचा केसांचा टोपही त्याच शतकातल्या उमरावी थाटातून न्यायालयात शिरला. बाहेरची फॅशन पुढे सरकली, कोर्टाने मात्र ती धरून ठेवली. तेव्हा हा पोशाख आपल्याकडे आला तो कुणाच्या पवित्र परंपरेतून नव्हे, तर जुन्या झालेल्या रोजच्या कपड्यांतून.

इथे आल्यावरही तो जसाच्या तसा राहिला नाही. मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये सुरू झाले. त्याच न्यायालयाचे १८९३ पासून न्यायमूर्ती असलेले महादेव गोविंद रानडे आपल्याला चित्रांतून आणि पुतळ्यातून ओळखीचे आहेत ते पगडीतले. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचे दार उघडले आणि साडीवर कोट व बँड असा एक वेष तयार झाला, ज्याची कल्पनाही लंडनच्या कुणा शिंप्याने केली नसेल. पण खरा मुद्दा स्वातंत्र्यानंतरचा आहे. आजचा वेष १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांतून येतो. १९७३ च्या दुरुस्तीने कलम ४९ मध्ये पोशाखाविषयीचे उपकलम घातले गेले. त्यात वकिलांचा वेष ‘हवामान लक्षात घेऊन’ ठरवावा, असे स्पष्ट म्हटले आहे. नियमही समजतो तितके साहेबी नाहीत. पुढून उघडा कोट हा त्यातला एक पर्याय. बंद गळ्याचा कोट, चपकन, अचकन आणि काळी शेरवानीही चालते. खाली विजारीऐवजी धोतर चालते, जीन्स मात्र नाही. स्त्रियांना साडीबरोबर सलवार-कुर्ताही आहे. धोतर, अचकन, बँड आणि वर गाउन अशा वेषात उच्च न्यायालयात उभे राहणारा वकील नियमात चोख बसतो. तसा दिसत नाही, हा दोष राणी मेरीचा नव्हे. म्हणून या कोटाला गुलामीची खूण म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. तो आपणच निवडलेला आहे, आणि म्हणूनच त्याच्या गैरसोयीचा जाबही आपणच द्यायचा आहे.

गणवेशाच्या बाजूने दोन गोष्टी बोलल्या जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. एक, गर्दीच्या कोर्टात पक्षकाराला वकील ओळखू येतो. दोन, एकसारख्या वेषाखाली जात, गाव, ऐपत झाकली जाते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कपड्यावरून पायरी दाखवली गेली त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. पण ओळखीचे काम पांढरे बँड एकटे करू शकतात. समानतेचा दावा तर न्यायालय स्वतःच पुरता पाळत नाही, कारण सीनियरचा गाउन इतरांच्या गाउनहून वेगळा असतो. राहता राहिली प्रतिष्ठा. १३ मे २०२० रोजी, कोविडकाळात, सर्वोच्च न्यायालयाने कोट आणि गाउन बाजूला ठेवून पांढरा शर्ट, सलवार-कमीज किंवा साडी आणि बँड एवढ्यावर काम चालवण्याची मुभा दिली. निकाल त्यानंतरही लागले आणि पाळलेही गेले. जिथून हा थाट आला त्या इंग्लंडनेही २००८ पासून दिवाणी न्यायालयांतल्या न्यायाधीशांचे टोप काढून टाकले आहेत.

हवामानाची सवलत आजही आहे, पण ती उलट्या टोकाने दिलेली. उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, मात्र सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळून. मे महिन्यात उच्च न्यायालयांना सुट्टी असते, अडचण काय, असे कुणी म्हणेल. नागपूर खंडपीठात एप्रिलमध्ये काम करणाऱ्याला ते पटणार नाही. तिथला उन्हाळा सुट्टीच्या तारखा पाहून येत नाही. ज्या कलमाने हवामानाचा विचार करायला सांगितले त्याने न्यायालयाच्या पायरीनुसार भेद केलेला नाही. ही सवलत वरच्या न्यायालयांनाही लागू करून बँड तेवढे कायम ठेवावेत. त्यासाठी संसदेत विधेयक आणावे लागत नाही. बार कौन्सिलने नियम बदलावा आणि सरन्यायाधीशांनी त्याला मान्यता द्यावी, एवढेच कलम ४९ मागते.