राजदंड आणि कोतवालाची काठी

विधानसभेत अध्यक्षांपुढे राजदंड ठेवलेला असतो. मुळात हे शस्त्र. इंग्लंडच्या राजाचे अंगरक्षक ते वागवीत. पुढे पार्लमेंटमध्ये त्याचे मानचिन्ह झाले. १६५३ साली क्रॉमवेलने पार्लमेंट मोडले, तेव्हा हे चिन्हही सभागृहातून हलवायला लावले. इंग्रजी अमलाबरोबर ही प्रथा आपल्याकडे आली. राजा गेला, दंड राहिला. आजही एखादा संतप्त सदस्य राजदंड पळवतो आणि कामकाज खोळंबते.

काठीची दुसरी परंपरा आमच्या घरांत होती. पश्चिम महाराष्ट्रात महारवतनाची खूण काठी आणि घोंगडी. आमच्या गोंदियाकडे, म्हणजे जुन्या भंडारा जिल्ह्यात, कोतवाली होती. माझे आजोबा कोतवाल. गावातल्या जन्ममृत्यूची खबर घेऊन ते ठाण्यापर्यंत पायी जात. काठी सरकारच्या कामाची. पण ती हाती असूनही गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरता येत नव्हते.

या दोन दंडांची गाठ कायदेमंडळातच पडते. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. कागदावर! प्रत्यक्ष पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले तेव्हा. आणि त्याबद्दल आमच्या माणसांनी मार खाल्ला. महारवतनाच्या दुरुस्तीचे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

आता प्रश्न असा : राजदंड जागेवरून हलला की सभागृह थांबते. मग सभागृहाचा ठराव चार वर्षे पायदळी तुडवला गेला, तेव्हा कोणते कामकाज थांबले? अवमान नेमका कोणाचा मानायचा, लाकडा-धातूचा की ठरावाचा?

चिन्हे असू नयेत, असे मी म्हणत नाही. परंतु २०२३ मध्ये नव्या संसदेत सेंगोल बसला, तेव्हाही चर्चा झाली ती दंडाच्या प्राचीनतेची. आमच्या जिल्ह्यातून चार आमदार विधानसभेत जातात. त्यांत अर्जुनी-मोरगाव अनुसूचित जातींसाठी आणि आमगाव अनुसूचित जमातींसाठी राखीव. नागपूरच्या अधिवेशनातून ते परततील, तेव्हा त्यांना आपण एवढेच विचारावे : मागचे ठराव कोणत्या गावापर्यंत पोचले?