फळी, बादली आणि वस्ताद

गेल्या वर्षी एका संस्थेचे इंग्रजी माहितीपत्रक मराठीत आणायचे काम माझ्याकडे आले. शहरातल्या वस्त्यांमधल्या मुलांना स्केटबोर्ड शिकवायचा आणि त्या निमित्ताने त्यांच्या पाठीशी उभे राहायचे, असे त्या संस्थेचे काम. चार पानांचा मजकूर. दोन दिवसांत होईल म्हणून घेतला आणि दोन आठवडे त्यात अडकून पडले. स्केटबोर्डने मुळीच अडवले नाही, तो स्केटबोर्डच राहिला. अडवले ते तीन ओळखीच्या शब्दांनी: चॅरिटी, अर्बन यूथ आणि मेंटर.

मी बोरसीला राहते. दाराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी, दाराच्या आत मराठी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत या दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. आमच्यासारख्या घरांचे मन अजूनही एखादा शब्द अडला की पश्चिमेची गाडी पकडते. याही वेळी तेच झाले.

चॅरिटीला आपल्याकडे धर्मादाय हा सरकारमान्य शब्द आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यापासून महाराष्ट्रातल्या अशा संस्थांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते. पण या शब्दात देणाऱ्याचे पुण्य मोजलेले आहे. घेणाऱ्याचा नुसता पसरलेला हात दिसतो. मी तो टाळला आणि ‘संस्था’ लिहून पुढे गेले. अर्बन यूथचे ‘शहरी युवक’ केले, तर कुठल्याशा पक्षाची युवक आघाडी डोळ्यांपुढे आली. मेंटरसाठी कोश ‘मार्गदर्शक’ सुचवतो. मार्गदर्शक म्हटले की मला दहावीचे गाइड आठवते. त्यात उत्तरे असतात, आपला मुलगा कुणासोबत हिंडतो आहे याची चौकशी नसते.

अशी चौकशी करणाऱ्या माणसासाठी मराठीत जुना शब्द आहे: वस्ताद. उर्दूतल्या उस्तादाने तालमीच्या मातीत लोळून घेतले आणि त्याचा वस्ताद झाला. तो डाव शिकवतो, पण त्याआधी पहाटे उठवतो, हौद्यातली माती खणायला लावतो, खुराकाचे काय ते विचारतो, संगत बघतो. त्याच्या हाताखाली तयार झालेला तो त्याचा पठ्ठ्या. या नात्यात पैसा अगदीच नसतो असे नाही, पण ते पैशात सांगता येत नाही. तालीम ही निव्वळ कुस्तीची जागाही नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ चे, म्हणजे कुस्तीला राजाश्रय होताच. पण मला अधिक नवल वाटते ते तिथल्या फुटबॉलचे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही आज कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावे आहेत. इंग्रजांचा चेंडू आला आणि पेठेने त्याला सरळ तालमीत घेतले, नवा शब्द शोधायच्या भानगडीत न पडता. मग चाकांच्या फळीलाच वस्ताद का नसावा?

इथे मला स्वतःलाच थांबवावे लागले. जुना शब्द सापडल्याचा आनंद अनुवादकाला आंधळा करतो. तालमीच्या दारातून मुलगी आत जात नव्हती, आणि कोणत्या जातीचा मुलगा कोणत्या आखाड्यात उतरेल हेही बहुतेक ठिकाणी गावाला आधीच ठाऊक असे. शहरी मैदानेही याहून फार वेगळी नव्हती. पळवणकर बाळू हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. चांभार कुटुंबातला हा मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची कामे करी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. चेंडू टाकू दिला, बॅट कधी हातात दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतले, कारण त्याच्याशिवाय साहेबांना हरवता येईना. मैदानात तोच चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरायचा. चहाच्या वेळी मात्र बाळूचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद त्याच्या वाट्याला आलेच नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला १९२३ मध्ये मिळाले.

तेव्हा आपल्याकडचा इतिहास वाचताना मी आता एकच गोष्ट शोधते: मैदानाच्या दारावर मुलाकडून काय मागितले गेले?

हा प्रश्न घेऊन नागपूरला जाऊ. २००१ मधली गोष्ट. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे पावसात एका झाडाखाली थांबले होते. समोर वस्तीतली पोरे एक फुटकी बादली लाथाडत खेळत होती. बारसेंनी त्यांना फुटबॉल दिला. खेळत असेपर्यंत ही पोरे भांडणे आणि व्यसने विसरतात हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला, पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था. निवृत्तीचे पैसे त्यांनी नागपूरलगत बोखाऱ्याच्या जमिनीत घातले. मुलगा अभिजीत अमेरिकेतून परतून कामाला लागला. २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार या संस्थेला मिळाला. २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला आणि गोष्ट घरोघर पोचली.

बादलीची ही कथा मी बऱ्याच ठिकाणी वाचली आहे आणि ती नेहमी बघणाऱ्याच्या जागेवरून सांगितलेली असते. गुरुजींनी पाहिले, तिथून इतिहास सुरू. पण खेळ आधीच चालू होता! गोल कुठे, बाद कोण, बादली चेंबली की डाव कुणाचा, हे नियम त्या पोरांनी स्वतः केले असणार. बारसेंचा मोठेपणा मला यात वाटतो, की त्यांनी दारावर काही मागितले नाही. शाळेचा दाखला नाही, सुधारण्याचे वचन नाही. चेंडू आधी दिला.

त्यांनी नावही लपवले नाही. झोपडपट्टी हा शब्द कपाळावर लागलेला असतो, तो त्यांनी स्पर्धेच्या फलकावर लावला. इंग्रजीत त्याचे ‘स्लम’ झाले तेव्हा त्यातला पट्टी, म्हणजे ओळीने उभ्या असलेल्या घरांचा अर्थ गळून गेला. पुढची गंमत आणखी मोठी. ही मुले देशाकडून खेळायला गेली ती होमलेस वर्ल्ड कपमध्ये. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झालेली ही स्पर्धा तिकडच्या रस्त्यांवर झोपणाऱ्या माणसांना समोर ठेवून आखलेली. नागपूरच्या मुलाला घर असते, आई असते, ओसरी नसली तरी उंबरठा असतो. नसतो तो पट्टा. पट्ट्याचे कागद नसणे म्हणजे बेघर असणे, असा हा अनुवाद कुणीही मुद्दाम न करता होऊन गेला. त्या संघाचे २०१० मध्ये रिओला नेतृत्व करणारा अखिलेश पॉल पुढे स्वतः मुलांना शिकवू लागला. पठ्ठ्याचा वस्ताद झाला, असे कोल्हापूर म्हणेल.

आता स्केटबोर्ड. त्याचा जन्म कॅलिफोर्नियातला, १९५० च्या आसपासचा, समुद्रात लाटा नसल्या की रस्त्यावर घसरायला. १९७० च्या दशकात दुष्काळाने तिकडच्या बंगल्यांचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि पोरे कुंपणावरून उड्या मारून त्या रिकाम्या हौदांत शिरली. म्हणजे ही फळी मुळातच दुसऱ्याच्या जागेत न विचारता घुसणारी. तिला संस्थेने हाताशी धरले ते बरेच नंतर. २००७ मध्ये ऑलिव्हर पर्कोविच हा ऑस्ट्रेलियन तीन स्केटबोर्ड घेऊन काबूलला गेला. मुलींना सायकल चालवायची मुभा नव्हती. स्केटबोर्डबद्दल कुणाला काही नियम सुचलाच नव्हता. या फटीतून मुली आत आल्या. त्यातून उभी राहिलेली ‘स्केटिस्तान’ ही आज जगभरच्या अशा कामांची थोरली बहीण.

आमच्या जवळचे उदाहरण मध्य प्रदेशात, पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात. शहरी मुले म्हणावीत तर हे खेडे, पण भारतात या कामाचा चेहरा तेच बनले. २०१५ मध्ये जर्मनीच्या उलरिके राइनहार्ड यांनी तिथे सिमेंटचे स्केटपार्क उभे केले. गावात आदिवासींची घरे आणि यादवांची घरे वेगळी. पार्क एकच. त्याचे दोन नियम प्रसिद्ध झाले: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. दुसरा नियम मला निखालस पटतो. तो खेळाच्या आतला आहे. रांगेत मुलगी पुढे आली की मुलाला मागे सरावे लागते, प्रवचन लागत नाही. २०१८ मध्ये याच पार्कवर शिकलेली आशा गोंड चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेला गेली, यात त्या रांगेचा वाटा आहे. पहिल्या नियमाबद्दल मात्र माझे मन दोन्हीकडे ओढते. त्याने मुले शाळेत गेली असतील, जावीतही. पण शाळेने ज्याला आधीच हाकलले आहे, तो पोरगा पार्कच्या कठड्यावर बसून काय बघत असेल? बादलीवाल्या पोरांना हा नियम लावला असता, तर चेंडू किती जणांना मिळाला असता?

२०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत मल्लखांब पहिल्यांदा आला. त्याच स्पर्धांत स्केटबोर्डिंगचे सुवर्ण पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने जिंकले. तालमीतला खांब आणि कॅलिफोर्नियातली फळी एकाच पदकतक्त्यात! हे वर्तमानपत्रात वाचले त्या दिवशी मी ‘वस्ताद’ कायम केला. माहितीपत्रकात लिहिले: आमचे वस्ताद मुलांना फळीवर उभे राहायला शिकवतात आणि त्यांची विचारपूस करतात.

मुद्रित आठवड्याने परत आले. वस्ताद खोडून मेंटर केले होते, शेजारी शेरा: देणगीदारांना कुस्तीचा वर्ग वाटेल. विचारपुशीच्या जागी ‘सर्वांगीण विकासासाठी समुपदेशन’ होते. मी भांडले नाही, बिल पाठवून दिले. फक्त प्रवेशाच्या अटींच्या चौकटीत ‘नियमित शाळेत जाणारी मुले’ असे होते, त्यावर समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवले.

आमच्या गल्लीत गेल्या उन्हाळ्यात सिमेंटचा रस्ता झाला. संध्याकाळी दोन पोरे तिथे एक जुना स्केटबोर्ड घेऊन येतात. त्याला ती पटिया म्हणतात. एक जण त्यावर मांडी घालून बसतो, दुसरा मागून पाठीला हात लावून ढकलतो. विजेच्या खांबापर्यंत गेले की बदली. उभे राहून चालवायचा असतो हे त्यांना ठाऊक आहे, मी विचारले होते. बसून लांब जाते, असे मोठ्याने सांगितले.