सहा तासांपूर्वीची प्रत

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. नातेवाईक मंडळींना कारण ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या घराण्याची वंशावळ मी ज्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली होती, तो गेला. आबांच्या वह्यांवरून चार वर्षं बसून भरलेला डेटाबेस होता तो. बॅकअप नव्हता का? होता की! रोज रात्री दोन वाजता आपोआप निघायचा आणि त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन बसायचा. घराची दुसरी किल्ली घरातल्याच कपाटात ठेवावी, तसं.

मग मनाची समजूत घालायला (दुसरं काय करणार!) अशी जुनी प्रकरणं वाचत बसलो. त्यातलं गिटलॅबचं काही डोक्यातून जाईना.

गिटलॅब म्हणजे प्रोग्रॅमर लोक आपला कोड जिथे ठेवतात, त्यातली एक मोठी जागा. ३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट. त्यांच्याकडे पोस्टग्रेस डेटाबेसचे दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि दुसरा त्याची सतत नक्कल करणारा. त्या संध्याकाळी स्पॅमवाल्यांमुळे मुख्य सर्व्हरवर ताण आला आणि नक्कल मागे पडत पडत थांबली. ती पुन्हा सुरू करायची तर दुसऱ्या सर्व्हरवरचं फोल्डर आधी रिकामं करायला हवं. रात्र बरीच झालेली, खटपट करून एक अभियंता दमलेला. त्याने फोल्डर पुसायची आज्ञा दिली, आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. लगेच थांबवलं. तोवर सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

इथवरची चूक कुणाच्याही हातून होईल. खरी गंमत (गंमत कसली!) पुढे आहे. बॅकअप काढू म्हणून पाहतात तर रोजचा बॅकअप जिथे साठायचा ती जागा रिकामी! डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम चालत होता ९.२ चा, त्यामुळे तो दर वेळी नापास व्हायचा. तशी तक्रार करणारी ईमेल तो पाठवायचाही. पण त्या ईमेलवर हवी ती सही नसल्याने समोरचा सर्व्हर त्या परत फिरवायचा. म्हणजे पहारेकरी ओरडत होता, फक्त त्याचा आवाज कुणापर्यंत पोचत नव्हता. डिस्कची छायाप्रत घेण्याची सोय डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी चालूच केलेली नव्हती. जपून ठेवण्याचे पाच मार्ग कागदावर होते, वेळेला भरवशाचा एकही निघाला नाही.

वाचवलं कुणी? त्याच अभियंत्याने. सहा तासांपूर्वी त्याला चाचणीच्या सर्व्हरवर काहीतरी करून बघायचं होतं, म्हणून त्याने हाताने एक प्रत काढली होती. बॅकअप म्हणून नाही, स्वतःच्या कामासाठी. ती प्रत मंद डिस्कवर होती, त्यामुळे सगळं परत उभं राहायला अठराएक तास लागले. हे काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं, याचं मला फार कौतुक वाटतं. आपल्याकडे आधी दार लावून घेतलं असतं. मधल्या सहा तासांतले सुमारे ५००० प्रकल्पांचे तपशील, ५००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती गेली ती गेलीच. कोड मात्र वेगळा साठवलेला असल्याने शाबूत राहिला.

मॅग्नोलिया या बुकमार्क ठेवायच्या साइटच्या नशिबी तेवढंही नव्हतं. जानेवारी २००९ च्या अखेरीस त्यांची अर्ध्या टेराबाइटची डेटाबेसची फाइल बिघडली, आणि बॅकअपची व्यवस्था इतकी आज्ञाधारक की तिने ती बिघडलेली फाइलच इमानेइतबारे उतरवून घेतली. लोकांना आपापले दुवे थोडेफार परत मिळाले ते इतर साइट्सनी सहज उचलून ठेवलेल्या प्रतींमधून.

आबा म्हणायचे, गाथा इंद्रायणीने राखली असेल नसेल, लोकांच्या तोंडी अभंग होते हे तर खरं ना!

आमचं इंद्रायणीचं काम नागपूरच्या आत्याने केलं. नातवाच्या मुंजीच्या आमंत्रणांसाठी तिने माझ्याकडून सगळी नावं एक्सेलमध्ये मागून घेतली होती. आठ महिन्यांपूर्वीची फाइल. ती तिने स्वतःच्या लेकीला पाठवली, लेकीने छापून काढली, वर पेनाने कोण जेवायला थांबणार तेही लिहिलं. नावं, गावं, जन्मसाल सगळं आहे. गेल्या रविवारी ती फाइल नव्या डेटाबेसमध्ये भरली, मग मुद्दाम दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून, उघडून, पणजोबांचं नाव शोधून पाहिलं. सापडले.

आठ महिन्यांत घरात दोन बाळं झाली, त्यांची नावं भरून टाकली. पण याच काळात नानाकाका दर शनिवारी फोनवर कोकणातल्या जुन्या घराबद्दल सांगायचे आणि मी ऐकता ऐकता थेट त्या डेटाबेसमध्येच टाइप करायचो. कागदावर काहीच नाही. नानाकाका दिवाळीत गेले. त्यांनी विहिरीची, त्या सामायिक भिंतीची गोष्ट तुमच्यापैकी कुणाला सांगितली असेल, तर जशी आठवेल तशी मला लिहून पाठवा.