१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१

डेम्लो संख्यांच्या कुळातली सर्वांत देखणी संख्या. सतरा अंकी, विषम. डावीकडून वाचली काय नि उजवीकडून वाचली काय, तीच राहणारी. १११११११११ (नऊ एके) या संख्येचा हा वर्ग. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला १ ‘मध्य’ या सतराव्या स्थानी बसतो. त्या यादीत यापुढे फक्त परार्ध उरते.

अंकांची ही चढउतार योगायोगाने आलेली नाही. शाळेत शिकवतात तसा उभा गुणाकार मांडला की नऊ ओळी होतात. प्रत्येक ओळीत नऊ एके, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १ पडतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नवव्या, म्हणजे अगदी मधल्या स्तंभात पुरते नऊ जमतात आणि तिथून पुढे एकेक कमी होत जातो. कुठल्याही स्तंभाची बेरीज ९ च्या वर जात नाही. हातचा घ्यावाच लागत नाही, त्यामुळे स्तंभातले एके मोजले की उत्तराचा अंक हाती येतो. दहा एकांचा वर्ग करताना मात्र मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा पुढे जातो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे विस्कटते. दोष संख्येचा नाही, दशमान पद्धतीचा आहे: पाया १६ धरला, तर हेच सतरा अंक तिथेही नऊ एकांचाच वर्ग दाखवतात आणि माळ आणखी पुढे वाढवता येते.

मूळ अवयव पाडल्यास ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार मिळतो. एकूण विभाजक ४५.

देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी या कुळाचा अभ्यास केला आणि जी.आय.पी. रेल्वेवरील मुंबईजवळच्या एका स्थानकावरून त्याला ‘डेम्लो’ हे नाव दिले. डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात. डाव्या व उजव्या भागांच्या बेरजेत मधल्या भागातलाच अंक पुन्हा पुन्हा येतो. इथे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मधोमध ९.

कापरेकरांच्या आणखी दोन कल्पना याच संख्येपाशी भेटतात. अंकांची बेरीज ८१. संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो (भागाकार १५२४१५७८९९७१०४१, हा १२३४५६७९ चा वर्ग), म्हणून ती ‘हर्षद संख्या’ ठरते. उलट ८१ ने गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग येतो: ९९९९९९९९८००००००००१. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन भाग मिळवले की पुन्हा ९९९९९९९९९, म्हणजे ९९९९९९९९९ ही ‘कापरेकर संख्या’.